चाकरमानी स्ट्रायकर आणि बाकावरची पोरं

वाचकांचे प्रश्न, फुटबॉल प्रशिक्षकांची उत्तरं

या महिन्याच्या पत्रांत एकच दुखणं निरनिराळ्या तोंडांनी बोललं आहे: संघातला सगळ्यात चांगला खेळाडूच संघाला जड जातोय. कोकणात क्रिकेट आणि कबड्डीच्या मानाने फुटबॉलचे संघ थोडे. एक पोरगा रुसला तर त्याच्या तोडीचा दुसरा वाडीत मिळत नाही, म्हणून प्रशिक्षक गप्प बसतो, आणि त्याचं गप्प बसणं बाकीची पंधरा पोरं बघत असतात. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

आमच्या वाडीचा संघ डिसेंबरपासून आठवड्याला तीन दिवस सराव करतो. सर्वांत चांगला स्ट्रायकर मुंबईला नोकरीला आहे. तो स्पर्धेच्या आदल्या दिवशी तुतारी एक्स्प्रेसने सावंतवाडीला उतरतो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या अकरात असतो. गेल्या शिमग्याला त्याला पहिल्या हाफमध्ये बसवायचं म्हटलं तर म्हणाला, ‘खेळतलंय तर पुरी मॅच, नायतर नाय.’ मंडळाने त्याचीच बाजू घेतली. तीन महिने घाम गाळलेली दोन पोरं तेव्हापासून मैदानावर फिरकलेली नाहीत. यंदा काय करू?
(प्रशिक्षक, सावंतवाडी तालुका)

सुरुवात त्या दोन पोरांपासून करा. स्ट्रायकर शिमग्याला येणारच आहे, ती दोघं आपणहून येणार नाहीत. त्यांच्या घरी जा, गेल्या वर्षी त्यांना का बसवलं ते सांगा, आणि निर्णय चुकला असं वाटत असेल तर तेही सांगा. चूक कबूल केली की प्रशिक्षकाचा वचक जातो, असं पुष्कळांना वाटतं. आम्हाला ते मुळीच पटत नाही. पोरांना चूक आधीच कळलेली असते, तुम्हाला कळली आहे की नाही एवढंच त्यांना बघायचं असतं.

मग नियम. तो आत्ताच करा. स्पर्धेच्या तोंडावर केलेला नियम एका माणसावर रोखलेला वाटतो आणि गाव दोन बाजूंना वाटलं जातं. तुमच्यासारख्या संघाला एवढं पुरे: स्पर्धेआधीच्या सहा आठवड्यांत ज्याने संघाबरोबर किमान सहा सराव केले, तोच पहिल्या अकरात. बाहेरगावी राहणाऱ्याला सहाऐवजी तीन, पण त्याने तिकडे केलेल्या सरावाचा हिशेब द्यायचा आणि चार दिवस आधी गावात उतरायचं. तेही जमलं नाही तर तो संघात आहे, पण बाकावर. २५-२५ मिनिटांच्या सामन्यात शेवटची पंधरा मिनिटं त्याची.

या नियमामागे शरीराचं कारण आहे, आणि स्ट्रायकरशी बोलताना तेच आधी मांडा. दिवसभर खुर्चीत बसून काम, त्यावर रात्रभराचा गाडीचा प्रवास. कंबर आणि मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, आखडलेला असतो. हा स्नायू बहुतेक वेळा पूर्ण वेगात धावताना, पाय पुढे फेकून जमिनीवर टेकण्याच्या आतच दगा देतो. महिनोन्‌महिने पूर्ण वेगाने न धावलेल्या माणसाने कातळावरच्या टणक मैदानात पहिल्याच मिनिटाला बॉलमागे झेप घेतली तर काय होईल हे सांगायला डॉक्टर नको. आणि एकदा ताणला की बहुधा दोन-तीन आठवडे गेले, म्हणजे फायनलही गेली. तोच माणूस शेवटच्या पंधरा मिनिटांत, मार्चच्या उन्हात समोरचे बॅक दमलेले असताना ताज्या पायांनी उतरला, तर त्याच्या वेगाचा भाव दुप्पट होतो. हे त्याला पटतं, कारण यात त्याचा अपमान नाही.

मुंबईत करायचा सराव लिहून पाठवा. ‘फिट राहा’ एवढं म्हणून कोणी फिट राहत नाही. आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं वॉर्म-अप करून ३० मीटरच्या धावा. पहिल्या आठवड्यात सहा, सत्तर टक्के वेगाने, मध्ये एक मिनिट विश्रांती. दुसऱ्यात आठ, ऐंशी टक्के. तिसऱ्यात आठ, नव्वद टक्के. चौथ्यात सहा, पूर्ण वेगाने, मध्ये दोन मिनिटं थांबून. त्याच दिवशी हॅमस्ट्रिंगचा व्यायाम: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे धरायचे, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं आणि शेवटी हातांवर पडायचं. पाच वेळा, दोन सेट. पहिल्या आठवड्यात मांड्या भरून येतात, तेव्हा हा व्यायाम सामन्याच्या आदल्या दिवशी सुरू करू नये. व्हिडिओ तुमच्या फोनवर मागवा, ग्रुपवर नको. ग्रुपवर टाकला की त्याची जाहिरात होते आणि बाकीच्यांना टोचते.

फोन महिनाभर आधी करा आणि थोडक्यात बोला: ‘तू आमचा सगळ्यात चांगला फिनिशर आहेस. नियम हा असा आहे, तुझ्यासाठी त्यात ही सूट आहे. चार दिवस आधी आलास तर पहिल्या अकरात, नाहीतर शेवटची पंधरा मिनिटं. तुझं काय ठरतंय ते दहा तारखेपर्यंत कळव.’ पुढे विनवणी नाही, धमकी नाही. तो नाही म्हणाला तर ‘बरं’ म्हणा आणि त्याच्याशिवाय संघ बांधायला लागा.

खरी अडचण मंडळाची आहे. देणगीदाराला आपला पाहुणा खेळलेला बघायचा असतो, अध्यक्षांना फायनल हवी असते. म्हणून संघनिवड प्रशिक्षक करेल आणि सामन्याच्या दिवशी त्यात कोणी बोलणार नाही, हा ठराव सभेत मांडून इतिवृत्ताच्या वहीत लिहून घ्या. तोंडी शब्द पहिल्या गोलपर्यंत टिकतो.

‘मोठ्या खेळाडूला थोडी मोकळीक द्यावीच लागते’ असं तुम्हाला कोणी ऐकवेल आणि मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक अॅलेक्स फर्ग्युसन यांचं उदाहरण देईल. २५ जानेवारी १९९५ ला त्यांच्या संघातल्या एरिक कँटोनाने प्रेक्षकाला लाथ मारली, ३० सप्टेंबरपर्यंत त्याच्यावर बंदी आली, आणि तो इंग्लंड सोडायला निघाला तेव्हा फर्ग्युसन स्वतः पॅरिसला जाऊन त्याला परत घेऊन आला. हे खरंच घडलं. पण हाच कँटोना सराव संपल्यावर मैदानात थांबून एकटा आणखी सराव करायचा, आणि त्याला बघून क्लबची तरुण पोरं थांबायला लागली. त्याला सवलत मिळते हे बाकीच्यांनी चालवून घेतलं, कारण कष्टात तो त्यांच्या पुढे होता. तुमचा स्ट्रायकर सरावात पुढे असेल तर त्याला जेवणाच्या वेळेची, बोलण्याची, बुटांच्या रंगाची हवी तेवढी मोकळीक द्या.

परवाच्या सामन्यात १० मिनिटं बाकी असताना मी आमच्या मिडफिल्डरला बाहेर काढलं. त्याने जर्सी काढून फेकली, मोटारसायकल काढली आणि गेला. रात्री ग्रुपवर माझ्याबद्दल वाटेल ते लिहिलं. मुलं म्हणतात माफ करा, मंडळ म्हणतं कायमचं काढा.
(संघ व्यवस्थापक, रत्नागिरी तालुका)

‘कायमचं’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. सप्टेंबर २०११ मध्ये म्युनिकच्या सामन्यात कार्लोस तेवेझने मैदानात उतरायला नकार दिला असं म्हणत मँचेस्टर सिटीचे प्रशिक्षक रॉबेर्तो मँचिनी त्याच रात्री जाहीर बोलून गेले की हा आता माझ्याकडे संपला. मार्च २०१२ मध्ये तेवेझ पुन्हा त्यांच्याच संघातून खेळला आणि मे महिन्यात सिटीने लीग जिंकली. संघाचं भलं झालं, पण शब्द प्रशिक्षकाला गिळावा लागला. मँचेस्टर युनायटेडचे तेव्हाचे प्रशिक्षक एरिक टेन हाग यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये हेच प्रकरण मोजून हाताळलं. टॉटनहॅमविरुद्ध क्रिस्तियानो रोनाल्डो बदली म्हणून उतरला नाही आणि सामना संपण्याआधी निघून गेला. शिक्षा अशी झाली, की पुढच्या चेल्सीच्या सामन्याला तो संघात नाही. त्यानंतर तो पुन्हा सरावात आला, खेळलाही. पुढे नोव्हेंबरमध्ये त्याने मुलाखतीत क्लबवर टीका केली आणि करार तुटला, पण दार प्रशिक्षकाने आधी लावून घेतलं नव्हतं.

तुमच्याकडे आता दोन दिवस उलटून गेलेत, तेव्हा आज हे करा. ग्रुपवर उत्तर देऊ नका आणि कोणाला देऊही देऊ नका. ग्रुपवरचं भांडण सगळे वाचतात आणि मग माघार घेणं दोघांनाही जड जातं. त्याला भेटायला बोलवा, घरी नको आणि टपरीवरही नको. घरी आईवडील मध्ये पडतात, टपरीवर चार टाळकी कान लावून असतात. मैदानाच्या कडेला, संध्याकाळी, सराव नसताना. तिसरा माणूस हवाच असेल तर कर्णधार.

बोलताना आधी विचारा, सांगू नका. बाहेर काढलं तेव्हा काय वाटलं? पाय दुखत होता का? घरी काही चाललंय का? आणि मग पुरती पाच मिनिटं ऐका. पुष्कळदा जर्सी फेकण्याचं कारण त्या बदलात नसतंच. त्या दिवशी त्याची माणसं, भावी सासरे, कोणी कोणी सामना बघायला आलेले असतात आणि चारचौघांत बाहेर आल्याची लाज वाटते. यात तुमचाही धडा आहे: ज्याला काढायची शक्यता आहे त्याला मध्यंतरातच सांगून ठेवा, ‘पंधरा मिनिटं जीव तोडून खेळ, मग मी तुला बोलावणार आहे.’ तो बाहेर येताना उठून हात मिळवा आणि पाण्याची बाटली तुम्ही द्या.

त्यानंतर शिक्षा: पुढचा एक सामना बाहेर. सरावाला यायचं, सामन्यालाही यायचं, पण बाकावर जर्सीशिवाय. ग्रुपवर लिहिलेलं त्याने स्वतः काढायचं आणि पुढच्या सरावाआधी संघासमोर दोन वाक्यं बोलायची. भाषण नको, पाया पडणं तर अजिबात नको. पैशाचा दंड आम्ही सुचवत नाही. ज्याच्या घरी पैसा आहे तो फेकतो आणि मोकळा होतो, ज्याच्या घरी नाही तो यायचाच बंद होतो. दोन आठवडे मैदानाला फक्की मारणं आणि जाळी बांधणं ही शिक्षा सगळ्यांना सारखी पडते.

एक खबरदारी घ्या. हे सगळं संघासमोर करायला जाऊ नका. २००२ च्या विश्वचषकाआधी सायपान बेटावर आयर्लंडचा कर्णधार रॉय कीन याने सरावाच्या सोयींबद्दल तक्रार केली. मैदान टणक होतं, सामान उशिरा आलं होतं, म्हणजे तक्रारीत तथ्य होतं. प्रशिक्षक मिक मॅकार्थी यांनी सगळ्या संघासमोर त्याला जाब विचारला, कीनने तिथेच तोंड सोडलं, आणि विश्वचषक सुरू होण्याआधी कर्णधार विमानाने घरी गेला. एकांतात हेच बोलणं झालं असतं तर निदान दोघांना मागे सरायला जागा राहिली असती. तुमच्या मिडफिल्डरच्या शिव्यांतही एखादं वाक्य खरं असेल. ते शोधून काढा.

पेनल्टी कोणी मारायची यावरून दोन खेळाडू मैदानातच भांडले. काय नियम करावा?
(कर्णधार, वेंगुर्ले)

सामन्याआधी कागदावर तीन नावं: पहिला, दुसरा, तिसरा. पहिला मैदानात असेल तर तोच मारणार, मग हॅटट्रिक कोणाची होतेय, पाडलं कोणाला, हे काही बघायचं नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये ल्योंविरुद्ध नेमार आणि कावानी यांच्यात जगासमोर ओढाताण झाली ती पॅरिसच्या संघात हे आधी पक्कं नव्हतं म्हणूनच. कावानीने ती पेनल्टी मारली आणि गोल झाला नाही.

नावं मोठेपणावरून ठरवू नका. सहा आठवडे प्रत्येक सरावाच्या शेवटी, पाय दमलेले असताना, सहा जणांना दोन-दोन पेनल्ट्या मारायला लावा आणि वहीत लिहा. वही बघितल्यावर वाद उरत नाही. एखादी हुकली तरी सामन्याच्या मध्यात यादी बदलायची नाही, ती बदलायची जागा सराव आहे.

शाळेच्या मुलींचा संघ आहे. सुब्रतो चषकाच्या तालुका फेरीसाठी तयारी चालू आहे. आमची एक मुलगी इतकी पुढे आहे की चार जणींना चुकवून जाते, पण पास देत नाही. बाकीच्या आता धावायच्याच थांबल्या आहेत. वडील कडेला उभे राहून ‘तूच मार, तूच मार’ ओरडतात.
(क्रीडाशिक्षिका, दापोली तालुका)

बाई, आधी एका सामन्यात एका राखीव मुलीला वही द्या. या मुलीच्या पायात बॉल आला की ती कुठे आहे, आणि त्या क्षणी तिच्यापासून १०-१२ मीटरच्या आत पास घेता येईल अशा किती जणी उघड्या आहेत, एवढंच टिपायचं. आमचा अंदाज आहे की निम्म्या वेळा आकडा शून्य येईल. बाकीच्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे लपून उभ्या असतात, किंवा तिच्याकडे बघत थांबतात. पास न देणं ही निम्मी तिची सवय आणि निम्मी बाकीच्यांच्या उभं राहण्याची चूक. दोन्हीवर एकाच वेळी काम हवं.

३० बाय २० मीटरचं छोटं मैदान आखा, पाच विरुद्ध पाच. स्वतःच्या अर्ध्या भागात प्रत्येकीला दोनच स्पर्श, पुढच्या अर्ध्यात हवे तितके. हे फार महत्त्वाचं आहे. प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ एकटीने चुकवत जाणं हीच तिची देणगी आहे, ती मारून टाकाल तर संघाचंच नुकसान. अडवायचं ते मागच्या भागातलं, जिथे बॉल गेला की आपल्यावर गोल होतो. आणि गुणांचा नियम: साधा गोल एक, दुसरीच्या पासवर झालेला गोल दोन. दुसऱ्या आठवड्यापासून पास देणारीचं नाव गोल मारणारीच्या आधी पुकारा. चार-चार मिनिटांचे सहा डाव, मध्ये दीड मिनिट पाणी.

यात काय बिघडतं तेही सांगतो. दोन स्पर्शांची सक्ती सुरू झाली की पहिले दोन दिवस कमजोर मुली बॉल गमावतात, आणि ती मुलगी हात हवेत फेकते, मान झटकते. त्या हातांवर शिट्टी मारा. चुकीच्या पासवर मारू नका. ‘चूक झाली तर चालेल, हात फेकलेले चालणार नाहीत’ हे एकदा स्पष्ट सांगा आणि दुसऱ्यांदा घडलं तर दोन मिनिटं बाहेर. मुली एकमेकींचे शब्द विसरतात, ते हात विसरत नाहीत. शिवाय सरावाची पहिली दहा मिनिटं तिची जोडी रोज वेगळ्या मुलीशी लावा: समोरासमोर ८ मीटरवर, दोन्ही पायांनी पास. पंचवीस सलग पास झाल्याशिवाय दोघींनी थांबायचं नाही. सगळ्यात कमजोर मुलीबरोबरही तिला पंचवीस करावेच लागतील, आणि ते करताना तिला पास किती जोरात द्यायचा हे कळायला लागेल.

वडिलांना ओरडून काही होणार नाही. सगळ्या पालकांसाठी जागा ठरवा: संघाच्या बाकाच्या समोरची बाजू, रेषेपासून दोन मीटर मागे, दोर बांधून. वहीचं काम पुढच्या सामन्याला त्यांनाच द्या, पण टिपायचं आपल्या मुलीने दिलेले पास आणि त्यातून झालेले हल्ले. माणूस जे मोजतो त्याकडे लक्ष देतो. दोन सामन्यांत त्यांची आरोळी बदलली नाही तर मुख्याध्यापकांमार्फत लेखी कळवा, तोंडी वाद घालू नका.

मध्यंतरात जोशाचं भाषण करावं का?
(प्रशिक्षक, गुहागर)

कलकत्त्यात प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी यांच्या अशा बोलण्याला ‘व्होकल टॉनिक’ असं नावच पडलं होतं. पण प्रत्येक खेळाडूला काय बोललं की पेटतो हे त्यांना नेमकं ठाऊक असायचं. ती ओळख नसताना नुसता आवाज चढवला तर पोरं खाली बघून घोट घोट पाणी पितात. दहा मिनिटांचं मध्यंतर असेल तर पहिली तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही: पाणी, मीठ घातलेलं कोकम सरबत, बुटांच्या नाड्या. पुढची चार मिनिटं दोनच मुद्दे, एक बचावाचा, एक हल्ल्याचा. उरलेल्या वेळात दोघा-तिघांच्या जवळ जाऊन हळू आवाजात. स्टार खेळाडूबद्दलची तक्रार मध्यंतरात काढू नका.

बक्षिसाच्या पैशांवरून संघ फुटायची वेळ आली आहे. गोव्यातून आणलेल्या खेळाडूला सामन्यामागे पैसे दिले आणि स्थानिक पोरांच्या हातात फक्त चषक आला.
(मंडळाचे खजिनदार, सिंधुदुर्ग)

तुमच्याच किनाऱ्यावर याचं उत्तर आहे. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायच्या मासेमारीत, दोर ओढायला जो उभा राहतो त्याला वाटा असतो, आणि वाटे कसे पडणार हे जाळं पाण्यात जायच्या आधी सगळ्यांना माहीत असतं. संघातही वाटा स्पर्धेच्या आधी ठरू द्या, जिंकल्यावर नाही.

समजा, बक्षीस १५,००० रुपये. प्रवेश फी, टेम्पो, जेवण, पट्ट्या-स्प्रे मिळून ४,२०० आधी वजा करा. पुढच्या हंगामाच्या बॉलसाठी २,००० बाजूला. राहिले ८,८००. यातले निम्मे, ४,४००, सोळाही खेळाडूंना सारखे: प्रत्येकी २७५. उरलेले ४,४०० सरावाच्या हजेरीवर. सगळ्यांच्या हजेऱ्यांची बेरीज २२० असेल तर एका हजेरीला २० रुपये. वीस सराव केलेल्याला ६७५ मिळतात, दोनच केलेल्याला ३१५. रक्कम मोठी नाही, पण हजेरीला किंमत आहे हे सगळ्यांना आकड्यांत दिसतं.

बाहेरच्या खेळाडूचं मानधन या बक्षिसातून कधीही देऊ नका. ते देणगीदाराकडून वेगळं घ्या आणि आकडा संघाला उघड सांगा. लपवलेला आकडा मैदानात दुप्पट होऊन फिरतो. पाहुणे दोनापेक्षा जास्त नकोत, आणि त्यातला एक शक्यतो अशा जागेवर जिथे तुमच्याकडे माणूसच नाही, म्हणजे बहुधा गोली. तयार पोरगा असलेल्या जागी पाहुणा आणला की ते पोर गेलंच. ‘मालिकावीरा’चं वैयक्तिक बक्षीस मात्र ज्याचं त्याचं राहू द्या. त्यात वाटा मागणं आम्हाला बरोबर वाटत नाही.

मी १९ वर्षांचा आहे. दोन वर्षं फॉरवर्ड खेळलो, सगळ्यात जास्त गोल माझे. नवीन सरांनी मला बॅकला टाकलं. होडीवर जात असल्यामुळे काही सराव चुकतात, त्यावरून पोरं मला शहाणा समजतात. सोडून देऊ का?
(एक खेळाडू, मालवण)

सोडू नकोस, निदान सरांशी बोलल्याशिवाय तरी नको. तू लिहिलंस त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पोरांची गोष्ट आधी सुटण्यासारखी आहे. तू होडीवर असतोस हे त्यांना माहीत असेल, पण आज येणार की नाही हे त्यांना ऐनवेळी कळतं. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे तुला आम्ही सांगायला नको. त्यामुळे आठवड्यातले कोणते दिवस जमतील याचा अंदाज तुला रविवारी बांधता येतो. तो रविवारी संध्याकाळी सरांना आणि कर्णधाराला कळव. ओहोटीच्या वेळी पाण्यालगतच्या घट्ट ओल्या वाळूत एखादा सराव ठेवता येईल का, हेही विचार. वरच्या भुसभुशीत वाळूत नको, तिथे पोटऱ्या आणि टाचेची नस धरते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत एकही सराव चुकवू नकोस.

आता जागेचं. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचा सेंटर-बॅक जर्नेलसिंग याच्या डोक्याला जखम झाली. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला बसवून ठेवलं नाही, पुढे सेंटर-फॉरवर्ड म्हणून खेळवलं. त्याने उपांत्य सामन्यात गोल केला आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या फायनलमध्येही केला. भारत २-१ ने जिंकला. जर्नेलसिंग मागून पुढे गेला, तुला पुढून मागे आणलं आहे, पण प्रशिक्षकाने माणूस ओळखून जागा बदलली एवढं दोन्हीकडे सारखं असू शकतं. ते तसं आहे की नाही हे विचारल्याशिवाय कळणार नाही.

सरांना तीन गोष्टी विचार, सरावाच्या आधी, एकट्याने: मागे माझ्याकडून नेमकं काय हवंय, किती सामने हा प्रयोग चालेल, आणि कॉर्नरला मी पुढे गेलो तर माझी जागा कोण धरेल? तिसरा प्रश्न ऐकून सरांना कळेल की तू जागेचा विचार करतोयस. ‘मला पुढेच खेळायचंय’ हे वाक्य त्या दिवशी काढू नकोस, चार सामने झाल्यावर काढ.

मागे खेळताना फॉरवर्डची एक चूक हटकून होते: बॉल दिसला की झेप. समोरच्याच्या पायात बॉल असेल तर दीड मीटर अंतर ठेव, शरीर तिरकं, गुडघे वाकलेले, आणि त्याला कडेच्या रेषेकडे ढकलत ने. पाय तेव्हाच घाल जेव्हा त्याचा पहिला स्पर्श लांब जाईल. तो स्पर्श कधी लांब जातो हे तुला इतर बॅकपेक्षा आधी दिसेल, कारण दोन वर्षं तो स्पर्श तूच घेत होतास. पहिल्या सरावाला एखाद्या मित्राला घेऊन फक्त एवढंच कर: एकास एक, १० बाय १५ मीटर, दहा वेळा, आणि दहापैकी किती वेळा बॉल न हिसकावता त्याला रेषेबाहेर नेलंस ते मोज.